फुंकर आणि निदान

मगरिबची, म्हणजे सूर्यास्तानंतरची, नमाज सुटण्याच्या वेळेला मुस्लिम वस्तीतल्या एखाद्या मशिदीच्या दारापाशी थोडा वेळ उभे राहिले, तर एक दृश्य हमखास दिसते. दाराच्या बाजूला पाच-दहा बाया उभ्या असतात. कुणाच्या खांद्यावर दिवसभर किरकिरणारे तान्हे मूल असते, कुणाच्या हातात टोपण काढून धरलेली पाण्याची बाटली. नमाजी बाहेर पडू लागतात. त्यांतले काही जण क्षणभर थांबतात, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटतात, मुलाच्या तोंडावर आणि बाटलीतल्या पाण्यावर हलकी फुंकर घालतात आणि चपला शोधत निघून जातात. मालेगावात, मिरजेत, मुंब्र्यात आणि पुण्याच्या कॅम्पात मी हे पाहिले आहे, आणि उभ्या असलेल्यांत कपाळावर कुंकू असलेल्या बायाही पाहिल्या आहेत. या सगळ्या व्यवहारात कुणी पैसे देत नाही, कुणी नाव विचारत नाही आणि मुलाला काय झाले आहे हेही कुणी सांगत नाही. ही शेवटची गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण मला जे म्हणायचे आहे ते जवळजवळ सगळे तिच्याभोवती फिरते.

उर्दूत याला ‘दम करना’ म्हणतात आणि अरबीत ‘रुक्या’. कुराणातली वचने म्हणून आजाऱ्यावर फुंकर घालायची किंवा हात फिरवायचा, एवढीच ही कृती असते. सात आयतींची, म्हणजे वचनांची, फातिहा, दुसऱ्या सूरहमधली, म्हणजे प्रकरणातली, २५५ वी आयत म्हणजे आयतुल कुर्सी, आणि कुराणाच्या शेवटच्या दोन लहान सूरह, फलक आणि नास, ही यातली नेहमीची वचने. भारतातल्या अनेक घरांत ‘मंजिल’ नावाची तेहतीस आयतींची छोटी पुस्तिका फडताळात ठेवलेली असते, तीही याच कामाची. कुराण हे श्रद्धावंतांसाठी शिफा आणि रहमत, म्हणजे उपाय आणि कृपा, आहे, असे कुराणातच सतराव्या सूरहमध्ये म्हटले आहे. पैगंबर शेवटच्या आजारात असताना स्वतः पठण करून अंगावरून हात फिरवत असत, आणि दुखणे वाढल्यावर त्यांची पत्नी आयशा पठण करून त्यांचाच हात त्यांच्या अंगावरून फिरवत असे, अशी नोंद बुखारींच्या हदीससंग्रहात, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या संग्रहात, आहे. म्हणजे या प्रथेचे मूळ चित्र घरातले आहे. आजाऱ्याच्या उशाशी बसलेले त्याचे स्वतःचे माणूस त्याच्यासाठी देवाकडे मागणे मागते, आणि मध्ये तिसरा कुणी नसतो.

आपल्याकडे या विषयावर बोलणाऱ्यांचे दोन तट ठरलेले आहेत. एक तट म्हणतो की ही निव्वळ अंधश्रद्धा आहे आणि ती उखडून टाकली पाहिजे. दुसरा म्हणतो की ही सुन्नत, म्हणजे पैगंबरांचा प्रघात, आहे, तिच्यावर बोट ठेवणे म्हणजे धर्मावर बोट ठेवणे. माझ्या मते दोघांचीही नजर चुकीच्या जागी लागलेली आहे. पठणाने कुणाचे नुकसान झाल्याचे उदाहरण मला शोधूनही सापडत नाही. नुकसान होते ते पठणाच्या आधी आणि नंतर जे बोलले जाते त्याने: ‘याच्यावर असर आहे’, ‘हिच्यात जिन्न आहे’, ‘तुमच्या घरातल्याच कुणी तरी केले आहे’, ‘ही डॉक्टरची केस नाही’. ही वाक्ये प्रार्थनेत मोडत नाहीत, ती निदानात मोडतात. सार्वजनिक चर्चेने, कायद्याने आणि मुस्लिम समाजातल्या सुधारणेच्या विचाराने या निदानाला गाठले पाहिजे आणि फुंकर तिच्या जागी राहू दिली पाहिजे, असे माझे मत आहे.

रुक्यासाठी पैसे घेणारा प्रत्येक जण ज्या हकीकतीचा आधार देतो ती आधी पाहू. पैगंबरांचे एक सोबती अबू सईद खुदरी यांनी ती सांगितली असून बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संकलकांच्या हदीससंग्रहांत ती आहे. सोबत्यांची एक तुकडी प्रवासात एका टोळीच्या मुक्कामापाशी थांबली, पण टोळीने त्यांचे आतिथ्य करायला नकार दिला. इतक्यात टोळीच्या प्रमुखाला विषारी दंश झाला. हा दंश विंचवाचा होता असे सहसा समजले जाते. सगळे उपाय थकल्यावर टोळीवाले या पाहुण्यांकडेच आले. तुम्ही आम्हाला जेवू घातले नाही, तेव्हा मोबदला ठरल्याशिवाय आम्ही काही करणार नाही, असे पाहुण्यांनी सांगितले. मेंढरांचा एक कळप ठरला, एकाने फातिहा म्हटली आणि प्रमुख उठून चालू लागला. हा कळप घेणे योग्य की अयोग्य, अशी शंका येऊन ते पैगंबरांकडे गेले, तेव्हा पैगंबरांनी हसून विचारले की फातिहा हा रुक्या आहे हे तुम्हाला कसे कळले, आणि कळप वाटून घ्या, माझाही वाटा काढा, असे सांगितले.

या हकीकतीत पठण करणाऱ्याने निदान केलेले नाही. दंश झाला आहे हे सर्वांना ठाऊक होते आणि टोळीवाल्यांनी आपले उपाय आधी करून पाहिले होते. मोबदला एकदाच ठरला आणि गुण आल्यावर पदरात पडला, म्हणून फिकहच्या, म्हणजे इस्लामी विधिशास्त्राच्या, अभ्यासकांनी त्याची गणना कामाच्या फळावर मिळणाऱ्या बक्षिसात केली. आजचा आमिल, म्हणजे झाडफूक करणारा, पहिल्या बैठकीचे पैसे आधी घेतो आणि गुण आला नाही तर ‘जादू फार जुनी आहे’ म्हणून पुढच्या बैठकीचेही घेतो. त्याने या मेंढरांच्या आड लपणे हा त्या हकीकतीवरच अन्याय आहे.

विंचवाचा विषय निघालाच आहे तर थोडे कोकणाकडे वळतो. विंचू ‘उतरवणारे’ मांत्रिक आपल्याकडे गावोगाव होते, हिंदूंत होते तसे मुसलमानांत होते, आणि त्यांची ख्याती खोटी नव्हती, कारण बहुतेक विंचवांच्या दंशाने माणूस मरत नाही. कळ मस्तकात जाते आणि काही तासांत आपोआप उतरते. त्या तासांत जो कुणी शेजारी बसलेला असेल, श्रेय त्याचे. कोकणातल्या लाल विंचवाचे विष मात्र वेगळे आहे. ते हृदयावर जाते, फुप्फुसांत पाणी भरते, आणि महाड भागात पूर्वी अशा गंभीर रुग्णांपैकी सुमारे तीस टक्के दगावत. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडमध्ये राहून, रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी केल्या, रक्तदाबावरचे प्राझोसिन हे स्वस्त औषध या दंशावर वापरले आणि मृत्यूचे प्रमाण अगदी थोड्या टक्क्यांवर आणले. १९८० च्या दशकात त्यांचे हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. साधा विंचू कोणता आणि जिवावर बेतणारा कोणता, हे दंशानंतरच्या पहिल्या तासात नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. म्हणून त्या तासात कुणी ‘काही नाही, उतरेल’ असे म्हणणे हेही एक निदानच असते, आणि ते मंत्राहून अधिक धोक्याचे असते. गाडीत बसून दवाखान्याकडे जाताना आईने फातिहा म्हटली तर त्याने एका मिनिटाचाही उशीर होत नाही.

आता आमिलाच्या बैठकीत काय होते ते पाहावे. पहिला प्रश्न असतो रुग्णाचे नाव आणि त्याच्या आईचे नाव. अबजद पद्धतीने अक्षरांचे अंक मांडले जातात, बेरीज होते, भाग दिला जातो, आणि उरलेल्या आकड्यावरून ठरते की ही नजर आहे, जादू आहे, आसेब म्हणजे भूतबाधा आहे की शरीराचाच आजार आहे. ‘शरीराचा आजार’ हे उत्तर मिळालेली माणसे मला फारशी भेटलेली नाहीत. त्यानंतर धंद्याची बंदिश (जादूने घातलेला बांध), लग्नाची बंदिश, कोखेची बंदिश, असे निदान फुगत जाते आणि मग त्यावरची काट, म्हणजे उतारा, सुरू होते: जाळायचे फलीते (मंतरलेल्या वाती), प्यायचे नक्श (पाण्यात विरघळवायची लिहिलेली यंत्रे), एकवीस दिवसांचा अमल (विधी). मुंबईच्या लोकलच्या डब्यांत चिकटवलेल्या बंगाली बाबांच्या जाहिराती वाचल्या, तर त्यांत पठणाचा उल्लेखही क्वचितच सापडतो. सवतीपासून सुटका, रुसलेली प्रेयसी परत, कोर्टकचेरीत जय, आणि खाली मोबाइल नंबर. तंत्रमंत्र, ताईत आणि कवच यांच्या गुणांची जाहिरात करून रोगमुक्तीचे दावे करायला १९५४ च्या औषधे आणि जादुई उपाय कायद्याने बंदी आहे. ताईत हा शब्दच त्या कायद्याच्या व्याख्येत आहे. तरी त्या जाहिरातींचा डिंक वर्षानुवर्षे सुकत नाही.

गेल्या काही दशकांत याला शह म्हणून ‘शरई रुक्या’ (शरियतला धरून केलेला रुक्या) नावाचा प्रवाह पुढे आला. नक्श, अंक, फलीते हे सगळे शिर्क, म्हणजे अल्लाहच्या बरोबरीला दुसरे काही बसवणे, आहे, फक्त कुराणाचे पठण करावे, असे तो सांगतो. आखाती देश, इंडोनेशिया, ब्रिटन असा त्याचा प्रसार झाला आणि इंटरनेटवरून तो आपल्याही मोबाइलांत आला. ताईत टाकून दिले ही सुधारणा मोठी आहे आणि तिचे श्रेय द्यायला हवे. पण निदान मात्र या प्रवाहातल्या अनेकांनी टाकले नाही, फक्त त्याची पद्धत बदलली. पठण ऐकताना जांभई आली, रडू आले, हातपाय जड झाले, छातीवर दाब आला, तर आत काही तरी आहे, असे ते सांगतात. लक्षणांच्या याद्या फिरत असतात: सकाळी उठल्यावर थकवा, वारंवार डोकेदुखी, स्वप्नात साप किंवा कुत्रे, नवरा-बायकोत विनाकारण चिडचिड, नमाजेत लक्ष न लागणे. ही यादी लावून पाहिली तर माझ्या परिचयातला एकही माणूस जादूतून सुटत नाही, मी स्वतः तर मुळीच नाही. रात्री अर्धवट जागे होऊन छातीवर कुणी बसल्यासारखे वाटणे याला वैद्यकात निद्रापक्षाघात म्हणतात. तो जगभर, सर्व धर्मांच्या माणसांना होतो आणि बहुधा आपोआप जातो. मोबाइलवर यादी वाचून घाबरलेल्या मुलीला मात्र तो दुसऱ्या दिवशीही होतो, कारण आता ती झोपायलाच भिते.

धार्मिक वाचकाला माझे म्हणणे बाहेरून आलेले वाटू नये, म्हणून त्याच परंपरेकडे वळतो. गैब, म्हणजे अदृष्टाचे ज्ञान, आकाशात आणि पृथ्वीवर अल्लाहशिवाय कुणालाही नाही, असे कुराणाच्या सत्ताविसाव्या सूरहमध्ये स्पष्ट म्हटले आहे. जो भविष्य आणि गुप्त गोष्टी सांगणाऱ्याकडे जाऊन काही विचारतो त्याची चाळीस रात्रींची नमाज स्वीकारली जात नाही, अशी हदीस मुस्लिम यांच्या संग्रहात आहे. आईच्या नावावरून जादू करणाऱ्याचा पत्ता सांगणारा माणूस या दोन वचनांसमोर कसा उभा राहतो, हे मला आजवर कुणी समजावून सांगितलेले नाही. पंधराव्या शतकातले हदीसपंडित इब्न हजर यांनी रुक्या ग्राह्य होण्यासाठी तीन अटी सांगितल्या. तो अल्लाहच्या वचनांनी किंवा नावांनी असावा, त्याची भाषा अर्थ कळणारी असावी, आणि तो स्वतःच्या बळाने काही करतो असे मानू नये. तिसरी अट नीट वाचली तर ‘माझ्या दमाने हमखास गुण येतो’ म्हणणारा प्रत्येक जण तिथेच बाद होतो. शिवाय ज्याने आजार दिला त्याने त्याचे औषधही दिले आहे, असे सांगणारी हदीस तर प्रसिद्धच आहे. काही मुस्लिम दवाखान्यांच्या भिंतीवर ती लावलेली असते, फक्त आमिलाच्या खोलीत तेवढी दिसत नाही.

सर्वांत बोलकी हकीकत अपस्माराची आहे. एक काळी स्त्री पैगंबरांकडे आली. मला झटके येतात, त्या अवस्थेत माझी वस्त्रे अंगावरून सरकतात, माझ्यासाठी दुवा करा, असे ती म्हणाली. सबर, म्हणजे धीर, केलास तर तुला जन्नत आहे, हवे असेल तर बरे होण्यासाठी दुवा करतो, असे पैगंबरांनी सांगितले. तिने सबर निवडला, पण वस्त्रे सरकू नयेत एवढी दुवा मागून घेतली, आणि ती त्यांनी केली. बुखारींच्या या कथनात तिला कुणी बांधलेले नाही, मारलेले नाही, तिच्या तोंडून कुठल्या जिन्नाचे नाव वदवून घेतलेले नाही. तिला विचारले गेले ते एवढेच की तुला काय हवे आहे. अपस्माराच्या रुग्णाला, विशेषतः लग्नाच्या वयाच्या मुलीला, आजही हा प्रश्न आपल्याकडे कितीसा विचारला जातो?

आणि इब्न सीना. अकराव्या शतकातल्या या हकीमाने, ज्याचा वैद्यकावरचा ग्रंथ युरोपातही पुढे शतकानुशतके शिकवला गेला, विषादरोगाविषयी लिहिताना एक टिप्पणी केली आहे, आणि तिचे मला फार कौतुक वाटते. काही वैद्य हा रोग जिन्नामुळे होतो असे मानतात, पण आपण वैद्यक शिकत असताना तो जिन्नामुळे होतो की नाही याची पर्वा करत नाही, अशा आशयाचे तो लिहितो. जिन्नामुळे होत असला तरी तो शरीरातला काळ्या पित्ताचा समतोल बिघडवूनच होणार, आणि वैद्याचे काम त्या बिघाडाशी आहे. काळ्या पित्ताचा सिद्धान्त कधीच मागे पडला, पण त्याने आखलेली कामाची वाटणी अजूनही उपयोगी आहे. जिन्न आहेत ही श्रद्धा मुसलमानाने सोडावी अशी अट घातली, तर संभाषण तिथेच संपते. ती श्रद्धा ठेवूनही हजार वर्षांपूर्वीचा एक श्रद्धावान हकीम रोगाकडे रोग म्हणून पाहू शकत होता, हे सांगितले तर किमान ऐकून तरी घेतले जाते.

पठणाने गुण येतो का, हा प्रश्न टाळून चालणार नाही. कुराणाचे पठण ऐकल्याने शस्त्रक्रियेपूर्वीची चिंता कमी झाल्याचे, झोप सुधारल्याचे सांगणारे अभ्यास इराण, मलेशिया यांसारख्या देशांतून आलेले आहेत. त्यांतले बरेच लहान आहेत. ऐकणाऱ्याला आपण काय ऐकतो आहोत हे ठाऊक असल्यामुळे अपेक्षेचा भाग वेगळा काढणेही अवघड असते. पण ओळखीच्या, लहानपणापासून कानावर पडलेल्या लयीने मन शांत होते, यात अविश्वसनीय असे काहीच नाही. हरिपाठ ऐकत झोपी जाणाऱ्या कुणाही म्हाताऱ्या माणसाला ते ठाऊक आहे. दुसऱ्याने दुरून केलेल्या प्रार्थनेचे मात्र तसे नाही. अमेरिकेत हृदयशस्त्रक्रिया होणाऱ्या १,८०२ रुग्णांवर केलेला ख्रिस्ती प्रार्थनेचा एक मोठा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली आणि ज्यांच्यासाठी झाली नाही, त्यांच्या गुंतागुंतीच्या प्रमाणात फरक आढळला नाही. ज्यांना आपल्यासाठी प्रार्थना होत असल्याचे पक्के सांगितले होते, त्यांच्यात ते प्रमाण उलट थोडे जास्तच निघाले. श्रद्धावंताला यात धक्का बसण्याचे कारण नाही, कारण दुवा कबूल होण्याची हमी त्याच्या धर्मानेही दिलेली नाही. धक्का बसायला हवा तो हमी विकणाऱ्याला.

महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याबद्दल मुस्लिम समाजात, आणि खरे तर सर्वच समाजांत, एक गैरसमज आहे की तो प्रार्थनेच्या विरोधात आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाली आणि त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघून, त्याच वर्षाच्या डिसेंबरात विधिमंडळाने तो कायदा संमत केला. त्याच्या अनुसूचीत गुन्हा ठरतात त्या कृती अशा आहेत: भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे, अमुक व्यक्ती करणी करते, भूत लावते असे सांगून तिच्याविषयी संशय पसरवणे, साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्र-तंत्र, गंडेदोरे करणे. धार्मिक स्थळी किंवा घरी केलेली उपासना, शारीरिक इजा आणि आर्थिक लुबाडणूक होत नसेल तर, या कायद्याने स्पष्टपणे वगळली आहे. म्हणजे मशिदीच्या दारातल्या त्या फुंकरीला कायद्याचे संरक्षण आहे, आणि ‘तुझ्या जावेने केले आहे’ या वाक्याला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. मी ज्या रेषेबद्दल बोलतो आहे ती रेषा या कायद्याने बऱ्याच अंशी आखलेली आहे. ती जुम्याच्या (शुक्रवारच्या) नमाजेआधीच्या बयानात, म्हणजे प्रवचनात, सांगितली जात नाही, ही उणीव मौलवींची आहे तशीच अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीतल्या लोकांचीही आहे. मुस्लिम मोहल्ल्यात जाऊन त्यांच्या शब्दांत हा कायदा समजावण्याचे काम हमीद दलवाईंनी १९७० मध्ये स्थापन केलेल्या मुस्लिम सत्यशोधक मंडळासारख्या मूठभर लोकांवर सोडून इतरांनी हात झटकले आहेत.

निदान चुकल्यावर शेवट कुठे होतो, याचे सर्वांत भयंकर उदाहरण तमिळनाडूतल्या एरवाडीचे आहे. रामनाथपुरम जिल्ह्यातल्या या गावी एका प्रसिद्ध दर्ग्याभोवती मनोरुग्णांना ठेवणारी खासगी घरे उभी राहिली होती. दर्ग्यातले पवित्र पाणी, तेल आणि स्वप्नात सुटकेचा हुकूम येईपर्यंत वाट पाहणे, असा तिथला उपचार होता. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे अशाच एका घराच्या झावळ्यांच्या शेडला आग लागली. रुग्ण साखळदंडांनी बांधलेले होते. २८ जण मेले. त्या २८ जणांचा बळी पठणाने घेतलेला नाही. तो ‘हे औषधाचे दुखणे नव्हे’ या निदानाने, साखळीने, आणि आपल्या माणसाला तिथे सोडून गेलेल्या कुटुंबांच्या थकव्याने घेतला. त्या कुटुंबांत सर्व धर्मांचे लोक होते. पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळदंडाने बांधण्यास बंदी केली.

गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात २००८ च्या सुमारास वेगळा प्रयोग सुरू झाला. एका स्वयंसेवी संस्थेने आणि राज्य सरकारने दर्ग्याच्या मुजावरांशी, म्हणजे सेवेकऱ्यांशी, बोलून ‘दवा-दुआ’ नावाचा उपक्रम काढला. मुजावराने दुवा करावी आणि रुग्णाला तिथेच बसणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावे, अशी ती व्यवस्था होती. या प्रयोगावर टीका झाली आणि ती मला काही अंशी पटते. दर्ग्याचे निदान आणि डॉक्टरचे निदान शेजारी मांडले, की पहिल्याला दुसऱ्याची प्रतिष्ठा मिळते. तरीही मी या प्रयोगाच्या बाजूने आहे, कारण त्यात मुजावराच्या हातून काढून घेतले जाते ते निदानच, आणि दुवा त्याच्याकडेच राहते. बुलढाणा जिल्ह्यात पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांचा दर्गा आहे. ‘बाहेरची बाधा’ झालेले लोक, त्यांतले मोठ्या संख्येने हिंदू, तिथे वर्षभर येतात आणि होळीच्या सुमाराला यात्रेत नारळांची होळी पेटते. राज्याची जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे आहेत. नागपूर सैलानीपासून तीनशेहून अधिक किलोमीटर दूर आहे. देशात वेगवेगळ्या मानसिक आजारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचार मिळत नाहीत, असे २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आढळले. या आकड्यापुढे ‘लोक डॉक्टर सोडून बाबाकडे जातात’ हे वाक्य निम्मेच खरे उरते. सोडायला डॉक्टर आधी असावा लागतो.

माझ्या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की आजच्या वातावरणात मुस्लिम समाजाच्या उणिवांवर लिहिणे म्हणजे द्वेष करणाऱ्यांच्या हाती कोलीत देणे. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, पण करणी, भानामती, देवऋषी, अंगात येणे हे शब्द ज्या भाषेत रोज बोलले जातात, त्या भाषेच्या वाचकाला आमिलाकडे बोट दाखवून स्वतः मोकळे होता येईल असे मला वाटत नाही. दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. जिन्नाचे निदान रुग्णाला कलंकापासून वाचवते. ‘मुलगी वेडी आहे’ असे म्हटले तर तिचे लग्न मोडते, बहिणींचीही अडतात. ‘मुलीवर असर होता, उतरला’ असे म्हटले तर तिला परत येण्याची वाट राहते. हे खरे आहे, आणि समाजशास्त्राचे अभ्यासकही ते सांगत आले आहेत. पण हे वाचवणे फुकट होत नाही. असर आहे म्हटले की तो कुणी केला हे शोधावेच लागते, आणि ते बोट बहुधा घरातल्या सर्वांत दुबळ्या बाईकडे वळते: मूल नसलेली जाऊ, विधवा नणंद, नव्याने आलेली सून. एकीचा कलंक पुसण्यासाठी तो दुसरीच्या कपाळी लावला जातो, आणि ज्या मोहल्ल्यात घरे भिंतीला भिंत लागून आहेत तिथे तो पिढ्यानुपिढ्या पुसला जात नाही.

म्हणून इमामांकडून माझी अपेक्षा फार मोठी नाही. दम करावा, आणि कारण विचारले तर ‘मला ठाऊक नाही’ असे म्हणावे. हे वाक्य त्यांच्या परंपरेत कमीपणाचे कधीच नव्हते, ‘अल्लाहू आलम’, म्हणजे अल्लाहच जाणे, म्हणून थांबण्याची सवय तर त्यांच्या फतव्यांच्याही शेवटी असते. डॉक्टरांकडून मात्र माझी अपेक्षा मोठी आहे. आमिलाकडे गेलेल्या आईला तो तासभर देतो, तिचे सगळे ऐकून घेतो, आणि शेवटी तिच्या मुलीला काय झाले आहे याचे एक उत्तर देतो, मग ते खोटे का असेना. सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात तिला मिळतात ती दोन मिनिटे, तीही रांगेतल्या इतर तीस जणांदेखत, आणि हातात येते ती न वाचता येणारी चिठ्ठी. झटके का येतात, गोळ्या किती वर्षे घ्याव्या लागतील, लग्न करता येईल का, मूल होईल का, आणि यात तिच्या मुलीची किंवा तिच्या जावेची कसलीही चूक नाही, हे तिच्या भाषेत सांगायला त्या खिडकीत कुणी तरी बसलेले हवे.